अर्धा भत्ता हातात, अर्धा ठेवीत

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपून आम्ही बाहेर चपला शोधत होतो. तेवढ्यात वस्तीतल्या एक मावशी जवळ आल्या. त्या एका कंपनीत कंत्राटदाराकडे झाडू-पोछ्याच्या कामाला आहेत. त्यांनी विचारले, "दादा, आमचा मुकादम म्हणतो, तुमचा पगार वाढवला तर महागाई अजून वाढंल, म्हणून सरकारच वाढवू देत नाही. हे खरं हाय का?"

आम्ही उभ्याउभ्या उत्तर दिले ते आमचे आम्हालाच पटले नाही. घरी येऊन जुनी बाडे उपसली. त्यात आमच्या वडिलांच्या पगाराचे काही कागद सापडले, १९७४ आणि १९७५ सालचे. वडील एका सरकारी कारखान्यात हेल्पर होते. कागदावर बेसिक, महागाई भत्ता, फंड हे रकाने आहेतच, पण त्यांच्याखाली आणखी एक कपात आहे : सक्तीची ठेव. मावशींचा मुकादम आज जे बोलतो तेच पन्नास वर्षांपूर्वी दिल्लीने कायदा करून सांगितले होते. म्हणून आजचा हा स्तंभ मावशींच्या प्रश्नाला आणि वडिलांच्या त्या कागदाला.

आमच्या तरुण वाचकांना १९७२-७३ चा दुष्काळ माहीत नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांना लाल मिलोची भाकरी आठवत असेल. खडी फोडायला गेलेली आई आठवत असेल. त्याआधी १९७१ चे युद्ध झाले होते आणि बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांचा भार देशावर पडला होता. मग पाऊस गेला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि काही महिन्यांत खनिज तेल जवळजवळ चौपट महाग झाले. सरकारने एप्रिल १९७३ मध्ये गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला. तो साधला नाही आणि मार्च १९७४ मध्ये सोडून द्यावा लागला. साठेबाजांची मात्र चंगळ झाली. १९७४ च्या सप्टेंबरात घाऊक भाव वर्षापूर्वीच्या मानाने तीस टक्क्यांच्या आसपास चढले होते.

या सगळ्या कारणांत कामगाराचा पगार कुठे बसतो, हे वाचकांनीच पाहावे. पाऊस कामगाराने अडवला नव्हता. तेलाचा भाव त्याने ठरवला नव्हता. गोदामाची किल्लीही त्याच्या कमरेला नव्हती.

मुंबईच्या बायांनी हे आधीच ओळखले होते. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांच्या बाया एकत्र आल्या. लाटणी घेऊन मोर्चे निघाले, थाळ्या वाजल्या. गोडेतेल, रवा, साखर, रॉकेल कुठे दडले आहे ते दाखवा, अशी त्यांची साधी मागणी होती. पगार या शब्दाला हात न लावता त्यांनी महागाईचे मूळ दाखवले होते. आमची आई एका मोर्चाला गेली होती. ती घरी आली तेव्हा लाटणे होते, पण पोळपाटावर लाटायला पीठ नव्हते, असे ती हसून सांगायची. हसण्यासारखे त्यात काय होते, ते तिलाच ठाऊक.

आता सरकार आणि युनियन यांच्या बोलण्यांकडे येऊ. ही कहाणी जुनी आहे. सरकार, मालक आणि कामगार या तिघांना एका टेबलाशी बसवण्याची रीत केंद्रात पक्की झाली ती १९४२ मध्ये. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिल्लीत त्रिपक्षीय परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. पुढे हीच भारतीय श्रम परिषद झाली.

तिची पंधरावी बैठक १९५७ मध्ये झाली. गरजेवर आधारलेले किमान वेतन कसे मोजायचे, ते तिथे ठरले. हिशेब असा होता : कमावता माणूस एक युनिट, त्याची बायको पाऊण युनिटापेक्षा थोडी जास्त, म्हणजे ०.८, आणि दोन मुले प्रत्येकी ०.६. सगळी मिळून तीन युनिटे. मोठ्या माणसाला रोज २७०० कॅलरीचे अन्न. कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. सरकारी औद्योगिक गृहयोजनेइतके घरभाडे. जळण, दिवाबत्ती आणि इतर खर्चासाठी २० टक्के. म्हातारे आईवडील या हिशेबात नाहीत. मुलांची शाळा आणि दवाखाना पुढे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात घातला आणि त्यासाठी २५ टक्के वाढवायला सांगितले. बायकोचे पोट पुरुषापेक्षा लहान कोणी ठरवले, असा प्रश्न आमच्या घरातूनच आला. तो आम्ही जसाच्या तसा छापतो.

कसे का असेना, सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी मिळून ते ठरवले होते. मग दुसऱ्या वेतन आयोगासमोर प्रश्न आला तेव्हा केंद्राच्या अर्थखात्याने हात वर केले. त्या परिषदेत जे ठरले ते सरकारवर बंधनकारक नाही, असे कळवले. एका खात्याने टेबलावर मान डोलवायची आणि दुसऱ्याने तिजोरीला कुलूप लावायचे. आयोगाने ८० रुपये किमान पगार सुचवला. जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी पाच दिवस संप केला. तो मोडला. त्यानंतर बोलण्यांसाठी कायमची जागा हवी म्हणून १९६६ मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा आली. युनियनवाले तिला जेसीएम म्हणतात. मतभेद झाला तर प्रकरण लवादाकडे जाईल, असे त्यात होते. पण गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाची मागणी आली तेव्हा सरकारने ती लवादाकडे पाठवायला नकार दिला. १९ सप्टेंबर १९६८ ला एक दिवसाचा लाक्षणिक संप झाला. पठाणकोटला गोळीबार झाला आणि रेल्वे कामगार मेले.

मग १९७३ मध्ये तिसरा वेतन आयोग आला. त्याने १८५ रुपये किमान पगार सुचवला. कर्मचारी पक्षाशी बोलणी होऊन सरकारने १९६ केला. अकरा रुपये बोलण्यातून मिळाले. कोणी म्हणेल, अकरा रुपयांसाठी एवढा खटाटोप? त्या काळी ज्या घरात महिन्याअखेरीला उसनवारी चालायची, त्या घराला विचारा.

महागाई भत्त्याची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण मुकादमाची मेख तिथेच आहे. तिसऱ्या आयोगाने ठरवले की महागाईच्या निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी आठ अंकांनी वाढली की भत्त्याचा एक हप्ता वाढेल. म्हणजे आधी बाजारात भाव वाढणार, मग सरकारी माणूस ते लिहून घेणार, मग बारा महिन्यांची सरासरी निघणार आणि त्यानंतर फाईल फिरणार. तोवर घरातली डाळ पातळ झालेलीच असते. भत्ता ही पगारवाढ नव्हे. खिसा कापला गेल्यावर मिळालेली ती भरपाई, आणि तीही उशिरा आणि अपुरी. भाव पुढे चालतात आणि भत्ता मागून येतो. मागून चालणारा पुढच्याला ढकलतो, असे म्हणणे म्हणजे बैलगाडी बैलाला ओढते म्हणण्यासारखे आहे.

निर्देशांकावर तरी विश्वास ठेवावा का? मुंबईच्या कामगारांना १९६३ मध्ये हाच संशय आला होता. आकडा महागाई कमी दाखवतो, अशी ओरड झाली आणि शहरात बंद पाळला गेला. महाराष्ट्र सरकारने प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. कामगारांचे म्हणणे खरे निघाले आणि आकडा दुरुस्त झाला. शाळेत गणित नको म्हणणाऱ्या आमच्या मुलांना हे अवश्य सांगावे. एका चुकलेल्या आकड्यामुळे लाखो घरांचा भत्ता कमी पडत होता.

१९७४ च्या सुरुवातीला रेल्वेच्या युनियन एकत्र आल्या. जॉर्ज फर्नांडिस पुढारी होते आणि ललित नारायण मिश्रा रेल्वेमंत्री होते. मागण्यांत बोनस होता, महागाई भत्त्याची पूर्ण भरपाई होती, सार्वजनिक कारखान्यांइतका पगार होता, स्वस्त धान्य होते. त्यांत एक मागणी अशी होती की जिचा आमच्या माणसांशी फार जवळचा संबंध होता. वर्षानुवर्षे कॅज्युअल म्हणून राबवलेल्यांना कायम करा, अशी ती मागणी.

हा संबंध का, ते सांगतो. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी तिथेच सांगितले. त्याच भाषणात त्यांनी दाखवून दिले की रेल्वेत आपल्या माणसाला गँगमनच्या वर सहसा जाऊ देत नाहीत. पोर्टरसुद्धा होता येत नाही, कारण पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरचे कामही करायचे असते आणि तिथे शिवाशिव आडवी येते. मनमाड, भुसावळ, इगतपुरी, कल्याण इथल्या आमच्या वाचकांपैकी कितीतरी घरांत आजोबा गँगमन होते. रुळावर सगळ्यात खालच्या पगाराचा माणूस तोच. महागाईची झळ सगळ्यात आधी त्याच्या चुलीला लागायची.

एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत बोलणी चालू होती. ती चालू असतानाच २ मे रोजी फर्नांडिस यांना लखनौला अटक झाली. बोलायला बोलवायचे आणि बोलणाऱ्यालाच आत टाकायचे! ८ मे ला संप सुरू झाला. सुमारे १७ लाख कामगारांची ती रेल्वे होती. भारत संरक्षण नियमांखाली संप बेकायदा ठरवला गेला, हजारोंना पकडले, हजारोंना नोकरीवरून काढले. रेल्वे कॉलनीत पोलीस शिरले. कुटुंबांना क्वार्टरबाहेर काढले. भांडी-गाठोडी उंबऱ्याबाहेर पडली तेव्हा पुरुष एकतर तुरुंगात होते किंवा भूमिगत. दारात उभ्या राहिल्या त्या बायाच. वीस दिवसांनी, मे महिन्याच्या अखेरीला संप मागे घेतला गेला. पदरात काही पडले नाही. रेल्वेला बोनस मिळाला तो १९७९ मध्ये, उत्पादकतेशी जोडून.

संप मोडल्यावर सहा आठवडेही झाले नव्हते. ६ जुलै १९७४ पासून राष्ट्रपतींचे वटहुकूम निघू लागले. अर्थमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. पहिला वटहुकूम कामगारांसाठी होता. त्या दिवसानंतर जी पगारवाढ होईल ती सगळी एक वर्ष ठेवीत जाईल आणि जो वाढीव महागाई भत्ता मिळेल त्यातला अर्धा दोन वर्षे ठेवीत जाईल. दुसरा वटहुकूम वर्षाला १५,००० रुपयांवर उत्पन्न असलेल्या आयकर भरणाऱ्यांसाठी होता. त्यांनीही काही भाग ठेवीत ठेवायचा. तिसरा कंपन्यांसाठी. भागधारकांना वाटायच्या नफ्यावर त्याने मर्यादा घातली.

पाहा, सगळ्यांना सारखे केले, असे सरकार म्हणाले. पण कंपनीने नफा वाटला नाही तर तो कुठे जातो? कंपनीतच राहतो. मालकाची गाय मालकाच्याच गोठ्यात. कामगाराचा भत्ता ठेवीत गेला तर त्या महिन्याचे तेल-मीठ कुठून येणार? म्हणून या तीन वटहुकमांचे वजन एकसारखे नव्हते.

हिशेब करून पाहू. समजा एका घराचा पगार ३०० रुपये आहे आणि वर्षभरात भाव पंचवीस टक्क्यांनी चढले. पूर्वीइतकेच खायचे तर ७५ रुपये जास्त लागतात. समजा भत्त्याचे हप्ते मिळून ६० रुपये मंजूर झाले. १५ रुपयांचा खड्डा राहिला. आता त्या साठातले ३० ठेवीत गेले. खड्डा ४५ चा झाला. हा खड्डा भरायला आमच्या आईने काय केले, ते वडिलांच्या कागदावर लिहिलेले नाही. तिने दुपारचा चहा सोडला. मोठ्या बहिणीला सातवीनंतर शाळेतून काढले आणि शेजारच्या चाळीत धुण्याभांड्याला पाठवले. ती ठेव आमच्या वडिलांच्या नावावर होती, पण भरली बहिणीने.

ते पैसे बुडाले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. बँक दरापेक्षा अडीच टक्के जास्त व्याजाने, पाच वार्षिक हप्त्यांत ते परत द्यायचे ठरले होते आणि आमच्या घरी हप्ते आले. पहिल्या हप्त्यातून एक पितळी हंडा आला. तो अजून आहे. बहिणीची आठवी मात्र कुठल्या हप्त्यात आली नाही.

महागाईचे पुढे काय झाले? सप्टेंबर १९७४ नंतर भाव उतरू लागले. सरकारने कर्जे आवळली होती, बँक दर ९ टक्क्यांवर नेला होता, तस्करांना पकडले होते आणि कामगारांचा भत्ता अडवला होता. श्रेय कोणाला किती द्यायचे यावर जाणकार भांडत राहोत. १९७५ ला पाऊस चांगला झाला आणि देशात धान्याचे विक्रमी पीक आले. ढगाने वटहुकूम वाचलेला नव्हता. पण तोवर आणीबाणी आली होती. संपाला बंदी होती आणि सप्टेंबर १९७५ मध्ये किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला. महागाई उतरली म्हणून कामगाराचे ओझे उतरले, असे झाले नाही. १९७७ मध्ये सत्ता बदलल्यावर भत्त्यातली कपात थांबली आणि बोनस पुन्हा ८.३३ झाला. त्या सरकारनेही पगार, उत्पन्न आणि भाव यांचा विचार करायला भूतलिंगम यांचा गट नेमला. पगारावर लगाम घालण्याच्या त्याच्या शिफारशी सगळ्याच मोठ्या युनियननी फेटाळल्या.

बाबासाहेबांचे एक म्हणणे इथे आठवते. १९२३ मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ निघाला आणि १९२५ मध्ये त्यांनी चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली. रुपयाची किंमत घसरली आणि भाव चढले तर व्यापारी-कारखानदारांचा जो फायदा होतो तो आभाळातून पडत नाही, तो मजुराच्या मजुरीतून निघतो, असा त्यांचा मुद्दा होता. कारण भाव चढतात तशी मजुरी चढत नाही. मालकाने एक पैसाही न कापता मजुराचा पगार कापला जातो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते असे. आमच्या वडिलांनी ग्रंथ वाचला नव्हता. पण पगाराच्या दिवशी घरी आले की ते म्हणायचे, "नोटा तेवढ्याच हायेत, पिशवी हलकी झाली."

ही जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणू नये. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या काळात केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांचा आणि पेन्शनरांचा महागाई भत्ता गोठवला. जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे तीन हप्ते अडवले. जुलै २०२१ पासून भत्ता १७ वरून २८ टक्के झाला, पण मधल्या अठरा महिन्यांचे पैसे दिले नाहीत. जेसीएमच्या कर्मचारी पक्षाने ते मागितले. सरकारने संसदेत सांगितले की ३४,४०२ कोटी रुपये वाचले आणि ते महामारीच्या कामी लागले. त्या अठरा महिन्यांत आमच्या वस्तीतले किती पेन्शनर गेले! १९७४ मध्ये निदान ठेवीची पावती होती.

आता मावशींकडे परत येऊ. त्यांचा मुकादम म्हणतो की सरकारच वाढवू देत नाही. मावशी, हे खोटे आहे. तुम्ही किमान वेतनाच्या कामगार आहात. महाराष्ट्रात किमान वेतनावर दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, महागाईच्या आकड्याप्रमाणे विशेष भत्ता जाहीर होत आलेला आहे. तो कंत्राटदाराने द्यायचा असतो. त्याने दिला नाही तर ज्या कंपनीत तुम्ही झाडता तिच्यावर जबाबदारी येते. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर हा रकाना आहे का? नसेल तर तो कोणी खाल्ला, ते आधी पाहू. महागाईचे पुढचे पुढे.

येत्या रविवारी गेल्या वर्षभराच्या जेवढ्या चिठ्ठ्या सापडतील तेवढ्या घेऊन या. चिठ्ठी देतच नसतील तर बँकेचे पासबुक आणा. तुमच्याबरोबर त्या दोघीजणी काम करतात, त्यांनाही आणा. आम्ही विहाराच्या ओट्यावर दहा वाजल्यापासून बसलेले असू. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाणारे आपले एक जुने युनियनवाले बंधू चष्मा घेऊन येणार आहेत.